बहादरपूरला आमच्या गाडीत अंडी उकडत नव्हती

बुऱ्हाणपूरला जायचं ठरलं ते माझ्या बढाईमुळे. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं मी खपून खपून फिरतं घर केलं आहे. पलंग, ओटा, छोटा फ्रिज, टपावर सोलर, आणि पलंगाखालच्या खोक्यात घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा दोन थोराड बॅटऱ्या. इंजिनाची बॅटरी वेगळी. ही जोडी फक्त घरासाठी. एका संध्याकाळी नाशिकच्या आमच्या हॉलमध्ये मी पाहुण्यांना सांगत होतो, "यावर वाट्टेल ते चालतं."

सासूबाई कोपऱ्यात नाकाला नळी लावून बसल्या होत्या. त्यांचं फुप्फुसांचं दुखणं जुनं. दिवसाचा बराच वेळ त्यांना हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र लागतं, आणि ते विजेवर चालतं. त्या म्हणाल्या, "सुधीरराव, माझं हे डबडंपण चालेल?"

"न चालायला काय झालं, आई?"

"मग मला भावाकडे घेऊन चला."

पाहुण्यांसमोर जावयाने दिलेला शब्द. विषय संपला.

भाऊ म्हणजे माझ्या बायकोचे, माधुरीचे मामा. बुऱ्हाणपूरजवळ बहादरपूरला त्यांची केळीची शेती. त्यांचा खुबा गेलेला, आईंचा श्वास गेलेला. यंत्र घरात आल्यापासून बहीण-भावांची भेट नाही. फोनवर रोज "कधी येतीस?" आणि "बघू." डॉक्टरांनी परवानगी दिली, पण जोडीला छोटा सिलिंडर ठेवायची अट घातली. मी आईंसाठी पलंगावर आणखी एक जाड गादी टाकली आणि जानेवारीतल्या एका सकाळी निघालो.

रस्त्याचं सांगतो. नाशिक ते धुळे महामार्ग उत्तम, डुलक्या येतील इतका उत्तम. पुढे जळगाव, भुसावळ. भुसावळहून एक रस्ता सावदा-रावेरवरून जातो, दुसरा मुक्ताईनगर-इच्छापूरवरून. आम्ही दुसरा घेतला, कारण रावेरच्या बाजूला केळीच्या ट्रकांमागे रांगत जावं लागतं असं कुणीतरी सांगितलं. इच्छापूरकडेही केळीचे ट्रक होतेच. जळगावच्या अलीकडे एका ढाब्यावर भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. तिघांचं पोट नाशिकच्या एका थाळीच्या पैशांत भरलं.

धुळ्याला डिझेल भरताना मला पहिल्यांदा वास आला. सडका, उग्र, नाकात बसणारा. पंपावरचं स्वच्छतागृह शेजारीच होतं, तेव्हा मी काच वर केली आणि महाराष्ट्राच्या स्वच्छतेवर माधुरीला दोन शब्द ऐकवले. तिला नाशिकपासून सर्दी होती, तिने फक्त नाक शिंकरलं. आई मागे पडद्याआड पलंगावर पडून होत्या. "ठीक ना?" विचारलं, तर "ठीक" म्हणाल्या.

बहादरपूरला पोचलो तेव्हा मामा काठी टेकत फाटकाशी उभे होते. बहीण-भावांनी एकमेकांचे हात धरले. मग मामा म्हणाले, "किती वाळून गेलीस गं." आई म्हणाल्या, "तू कोणता पैलवान राहिलास." झाली भेट. आईंचं यंत्र लगेच घरातल्या प्लगला लावलं, आणि मी गाडीची वायरही मामांच्या घरातून घेऊन बॅटऱ्या चार्जिंगला टाकल्या.

जावयाचा थाट काय सांगू! खान्देशात जावई म्हणजे हलता देव. इथे तर मी भाचजावई, म्हणजे त्याहून वरचा. ताटात गोड दराबा, वाटीत तूप, आणि मी पाण्याला हात लावायच्या आत तीन जणं तांब्या घेऊन धावणार. अशा घरात जावयाने "कसला तरी वास येतोय हो" म्हणायचं? जीभ झडेल. वास येत मात्र होता. गाडी लावली त्याला लागूनच केळीची खोडं कुजवायचा खड्डा होता. त्याचाच असणार, म्हणून मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी आईंना राजघाटावर न्यायचं होतं. तापीचं पाणी पायावर घ्यायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी मागितली होती. मीटरवर बॅटरीचा आकडा पूर्ण होता. मामा-मामीही गाडीत बसले. बुऱ्हाणपुरात शनवारा चौकाच्या गर्दीत अडकलो आणि यंत्र किंचाळायला लागलं. आकडा बघतो तर तळाला! आत्ता तर पूर्ण होता! माधुरीने सिलिंडर जोडला, मी गर्दीतून गाडी कशीबशी वळवली आणि परत आलो. घाट राहिला.

माधुरी मला अंगणात घेऊन गेली. "हे बघ, उद्यापर्यंत तुला कारण सापडलं तर ठीक. नाहीतर मी इथून ॲम्ब्युलन्स करते आणि आईला सरळ नाशिकला नेते. पुन्हा तिला कुठे हलवायचं नाव काढायचं नाही." ती बरोबर होती. मी खोकं उघडून बघितलं. एका बॅटरीचं पाणी खाली गेलेलं. डिस्टिल्ड पाणी घातलं. वास आणखी भपकला. मी त्या खड्ड्याकडे रागाने बघितलं, झाकण लावलं आणि गाडी पुन्हा चार्जिंगला टाकली.

मग शहरात दुकानं पालथी घातली. सूचना: बुऱ्हाणपूरच्या जुन्या गल्ल्यांत एवढी गाडी घालू नका, आमच्यासारखी मुक्कामीच ठेवून रिक्षाने जा. पहिला दुकानदार म्हणाला, "साहेब, एकच बदला ना. दुसरी तर नई सारखी आहे. फालतू खर्चा कशाला?" मी निश्चिंत झालो. दुसरा म्हणाला, "एक? कोन बोल्लं तुम्हाला? जोडीच बदलायची. एक बैल बुढ्ढा, एक जवान, मग बैलगाडी चालन का?" मी चिंतेत पडलो. तिसरा म्हणाला, बॅटऱ्या एकदम ठीक असतील, सोलर खराब असन. चौथ्याने लिथियमची बॅटरी दाखवली. हलकी, पाण्याची भानगड नाही, पण तिला चार्जर वेगळा, आणि किंमत ऐकून मी खुर्चीवर बसलो. सगळे ठाम होते. एकटा मी तेवढा ठाम नव्हतो. शेवटी मावा जिलेबी बांधून घेतली, कारण त्या दिवशी मला समजलेली तेवढी एकच वस्तू होती.

घरी आलो तर ओसरीवर मामी माझी वाट बघत बसलेल्या. पदर नाकाला. मामा मागून "राहू दे, राहू दे" अशी खूण करत होते.

"जवाई, बुरा मानू नका," मामी म्हणाल्या. "एक बात विचारते. तुम्ही गाडीत अंडे उकाडता का?"

"अंडी? नाही हो मामी."

"खाता तर खा, शहरात सगळेच खातात. यांनी मले दोनदा सांगितलं, जवाईले बोलू नको. पन देवघराच्या खिडकीतून सिद्धा वास येऊन राहिला. काल संध्याकाळी मी दिवा लावला, अन् वासानं देवापुढे बसवलं नाही. म्हनून बोलली."

मामा मान खाली घालून म्हणाले, "मी बोल्लो नव्हतो हो. जावयाची गाडी, जावयाची मर्जी."

"पण तो वास तर तुमच्या खड्ड्याचा ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"खड्ड्याचा?" मामी उठूनच उभ्या राहिल्या. "आमच्या खड्ड्याले असा वास कधीच येत नाही!"

मी गाडीकडे धावलो. माधुरीला ओरडून सांगितलं, घरातली वायर काढ, गाडीतलं एकही बटण दाबू नको, नुसती दारं उघड. वास जाईपर्यंत थांबलो, मग खोक्यात हात घालून दोन्ही बॅटऱ्यांच्या अंगाला लावला. एक गार. दुसरी तव्यासारखी.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. ॲसिडच्या बॅटरीतला एखादा कप्पा आतून बसला की ती भरतच नाही, आणि चार्जर तिला पाजतच राहतो. ती तापते, सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू सोडते, आणि बरोबरच्या चांगल्या बॅटरीलाही रिकामं करते. चार्जिंग चालू असताना आकडा पूर्ण, भार आला की शून्य. हा वायू विषारी असतो, शिवाय बॅटरीतून निघणारा दुसरा वायू ठिणगीने पेटतो. माझ्या खोक्यातून तो बाहेर सोडायला एक रबरी नळी होती. ती आईंच्या त्या नव्या जाड गादीखाली दबून चपटी झाली होती. म्हणजे प्रवासभर तो वायू थोडाथोडा आतच येत होता.

रात्री जेवताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. त्यांना वाटलं जावई बाटला. मला वाटलं सासुरवाडीला दुर्गंधी आहे. दोन्हीकडे संस्कार उत्तम. मग मामीच फिसकन हसल्या आणि मामांनी माझ्या ताटात आणखी एक जिलेबी टाकली.

तिसऱ्या दिवशी मी बैलवाल्या दुकानदाराचं ऐकलं. तो बरोबर होता की त्याला दोन खपवायच्या होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही. जुनी जोडी त्याने वजनावर परत घेतली, नवी बसवली, नळी मोकळी करून दुसऱ्या बाजूने काढली. दुपारभर यंत्र अंगणात गाडीच्या विजेवर चालवून बघितलं. आकडा सावकाश, शहाण्यासारखा उतरला. माधुरी म्हणाली, "चल."

राजघाटाच्या वर गाडी लावली. पायऱ्या उतरणं आईंना शक्य नव्हतं, मामांनाही नाही. दोघं गाडीच्या दारात शेजारी शेजारी बसले. मामी खाली जाऊन कळशीभर तापी घेऊन आल्या आणि दोघांच्या पायांवर ओतली. आईंनी डोळे मिटले. मामा म्हणाले, "थंड आहे नाही?" आई म्हणाल्या, "तशीच आहे." यंत्र मागे घरघरत होतं. मी तोंड वळवून नदीकडे बघत राहिलो.

परतीचा प्रवास निवांत झाला. येताना रावेरचा रस्ता घेतला, तोही केळीच्या ट्रकांनी भरलेला.

नाशिकला आल्यावर एका दुपारी मी शेजाऱ्यांना हा अंड्यांचा किस्सा रंगवून सांगत होतो. सगळे हसले. ते गेल्यावर आई हळूच म्हणाल्या, "सुधीरराव, वास मला धुळ्यालाच आला होता."

"धुळ्याला? मग बोलला का नाहीत?"

"डोकं चढलं होतं, मळमळत होतं. पडद्याकडे तोंड करून पडून राहिले. बोलले असते तर तुम्ही गाडी वळवली असती."

वळवलीच असती. तिथल्या तिथे. मला आधी भीती वाटली, मग भयंकर राग आला. त्यांच्या वयाचा, आजाराचा, त्या पलंगाखाली काय काय होऊ शकलं असतं याचा हिशेब डोक्यात गरगरला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, अगदी समाधानाने. कुणावर रागवावं? अजून मला कळलेलं नाही.

आता गाडीत वायूची सूचना देणारं यंत्र बसवलं आहे. तरी कुठेही निघताना मी आधी आईंना विचारतो, "आई, कसला वास येतोय का?" त्या लगेच म्हणतात, "नाही हो, काहीच नाही." मग मी गुडघे टेकून पलंगाखाली वाकतो आणि स्वतः हुंगतो.