अळीच्या स्नायूवरची चौथी जागा

तुमच्या हातून झालेली चूक अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला कळणारच नसेल, तर तुम्ही ती सांगाल का? उत्तराची घाई करू नका. मला तीन दिवस लागले.

मी बीडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात संशोधन करते. पिकलेल्या केळ्यावर जी बारीक चिलटं घोंघावतात, ती मी बाटल्यांत वाढवते. त्यांच्या अळ्या उभ्या चिरून टाचण्यांनी पसरते आणि नस स्नायूला जिथं टेकते ती जागा पाहते. वडवणीहून बसने येता-जाता कोणी विचारलं तर एवढंच सांगते, "चिलटांवर काम करते." एकदा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मंग आमच्या घरी ये की माय. आंब्याच्या दिवसात पोतंभर देते, वर चहा पाजते." सगळी बस हसली, मीही हसले. पण पुढचं वाक्य ऐकायला कोणीच थांबलं नाही.

ते वाक्य इथं लिहिते. अळीची नस स्नायूला हुकूम देते तो ग्लुटामेट नावाच्या रसायनातून. आपल्या मेंदूतल्या पेशीही बऱ्याचदा त्याच रसायनातून बोलतात, म्हणून या अळीला मान आहे. ते रसायन झेलायला स्नायूवर रिसेप्टर असतात. एकेक रिसेप्टर चार तुकड्यांचा. त्यातले तीन ठरलेले: सी, डी आणि ई. यांतला एक जरी नसला तरी रिसेप्टर उभाच राहत नाही. चौथ्या जागेवर मात्र ए तरी बसतो नाहीतर बी. ए बसला तर रिसेप्टरचं दार जरा जास्त वेळ उघडं राहतं, बी बसला तर लगेच मिटतं. ए कमी पडले की स्नायूला निरोप क्षीण ऐकू येतो, आणि मग नस आपणहून जास्त रसायन सोडू लागते. ऐकणारं कमी झालं म्हणून जास्त बोलायचं! हे मी वाचलं तेव्हा प्रयोगशाळेत एकटी होते आणि बाटल्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते.

माझा प्रश्न असा होता: उपाशी वाढलेल्या अळीत ही चौथी जागा कोणाला मिळते? भुकेचा प्रश्न मला प्रयोगशाळेत सुचला नाही. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील वडवणीच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटायचे, रेशनची, रोजगार हमीची, ऊसतोड करणाऱ्या बायांच्या हालांची. मी अक्षरं त्यावरच ओळखायला शिकले. अजूनही मला प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह द्यावंसं वाटतं.

उत्तर आलं तेही उद्गारचिन्हासारखंच. ए आणि नस वेगवेगळ्या चमकत्या रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर भरपेट अळ्यांत ए लख्ख चमकत होता, उपाशी अळ्यांत जवळजवळ अंधार. नसेचा रंग दोन्हीकडे सारखाच उजळ होता, म्हणजे रंगवणं बिघडलेलं नाही असं मी धरून चालले. माझ्या मार्गदर्शक सरांनी या निकालाचा गोषवारा पाठवला. संभाजीनगरच्या परिषदेत मला दहा मिनिटं बोलायला मिळणार होतं. तिथं याच चिलटांवर काम करणारे चार-पाच जण येणार होते. चार-पाच! इतकी गर्दी मी कधी पाहिलीच नव्हती.

परिषदेला आठवडा राहिला असताना विभागातले मामा काचसामान धूत होते. ते इथले सगळ्यात जुने कर्मचारी. सहज म्हणाले, "ताई, दुसऱ्या बारीला तुमची बोटं पिवळी कावून झाली न्हाईत?"

"कोणत्या दुसऱ्या बारीला?"

"त्या उपाशी अळ्यांच्या. पैल्या बारीला हळद लागल्यागत हिंडत हुता की. मीच म्हणलो न्हाई का, ताई नवरी झाल्या म्हणून?"

"तेव्हा पिवळं पाणी संपलं होतं मामा, म्हणून साधं फॉर्मॅल्डिहाइड..."

मी वही उघडली. मामा "बरं" म्हणून परत नळाकडे वळले.

पिवळं पाणी म्हणजे पिक्रिक आम्लाचं द्रावण. चिरलेली अळी आहे तशी थिजवायला ते वापरतात, आणि ते हातमोज्याच्या फटीतूनही बोटं रंगवतं. ए हुडकून त्याला रंग लावणारी माझी अँटिबॉडी पिवळ्या पाण्यात थिजवलेल्या स्नायूवरच नीट चिकटते. साध्या फॉर्मॅल्डिहाइडमध्ये ती फिकी पडते. हे मी वाचलं होतं, वहीत लिहिलंही होतं. आणि तरी भरपेट अळ्या एका पाण्यात थिजवल्या, उपाशी दुसऱ्या. तो अंधार भुकेचा नव्हता, माझ्या बाटलीचा होता. शेजारच्या बाकावर हेच काम करणारी आणखी एक जण असती, तर त्याच दिवशी ओरडली असती.

पहिले दोन दिवस मी कोणालाच सांगितलं नाही. खरं सांगते, भाषणाची तालीमही केली. तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले.

"अगं, दहा मिनिटांत तुला पाणी कोणतं वापरलं हे कोण विचारतंय?" सर म्हणाले. "जाऊन ये. आल्यावर पुन्हा कर प्रयोग."

"कोणी विचारणार नाही, म्हणूनच सांगावं लागतंय, सर."

"पत्रकासारखं बोलू नकोस."

त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांनाही कितीतरी वर्षांत कुठून बोलावणं आलं नव्हतं. पण खाली नाव नसलेलं पत्रक वडिलांनी कधी वाटलं नाही, आणि त्या गोषवाऱ्याखाली माझं नाव होतं. मी आयोजकांना चार ओळी लिहिल्या: प्रयोगात चूक आहे, चूक अशी आहे, भाषण मागे घेते. सरांनी वाचल्या आणि खाली आपलीही सही केली.

परिषदेच्या दिवशी मी टाचण्या लावत होते. या वेळी दोन्ही अळ्या एकाच पिवळ्या पाण्यात. दोन दिवसांनी पाहिलं तर ए दोन्हीकडे सारखाच उजळ. उपाशी अळीतही ए ने चौथी जागा सोडलेली नव्हती. माझ्याकडे जगाला सांगण्यासारखं काहीच उरलं नाही. मी मामांना बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं.

"हिरवं हिरवं दिसतंय," ते म्हणाले. "ह्ये चांगलं हाय का वाईट?"

"माझ्यासाठी वाईट. पण बरोबर आहे."

ते गेले, आणि मी वहीत तारीख घालून लिहिलं: दोन्हीकडे सारखंच.

मामांना ग्लुटामेट ठाऊक नाही. त्यांनी फक्त माझ्या हातांकडे पाहिलं होतं आणि विचारलं होतं. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या कॉलेजात, तुमच्या गावात, मग ते नेकनूर असो की दिंद्रुड, कोणीतरी असं काम करत असेल जे आजूबाजूच्या कोणालाच कळत नाही. या आठवड्यात त्या माणसाकडे जा. कौतुक करू नका, त्याने काही उलगडत नाही. काल काय केलंस, कशात ठेवलंस, मागच्या वेळेपेक्षा वेगळं काय झालं, एवढं विचारा. आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत तिथंच बसा.