रंगाखालचे लोखंड पाहणाऱ्या कांबळे मॅडम

आजऱ्याहून कोल्हापूरला शिकायला आले, त्या पहिल्याच दिवशी माझ्या ट्रंकेचे गंजलेले कुलूप उघडेना. वसतिगृहाच्या खोलीत मी रडत बसले होते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. वत्सला कांबळे तेव्हा वसतिगृहही सांभाळत. त्या रॉकेलची बाटली घेऊन आल्या. कुलपात थेंब थेंब सोडत म्हणाल्या, "रडून काय हुतंय? लोखंडाला पाणी आणि हवा लागली की गंज चढणारच. दम धर जरा." अर्ध्या तासाने किल्ली फिरली. मॅडमशी माझी ओळख झाली ती अशी. यंदा त्यांनी पंचाहत्तरी गाठली आहे.

गंज हा मॅडमच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवू लागले. एकदा आम्ही दोघी नदीपलीकडच्या गावी, शाळेत व्याख्यानाला निघालो होतो. वाटेत लोखंडी झुलता पूल होता, नुकताच हिरवा रंग दिलेला. मॅडम मध्येच थांबल्या. रंगाला जागोजागी फुगे आले होते. त्यांनी एक फुगा किल्लीने खरवडला, तर आतून तांबडे पापुद्रे गळू लागले.

व्याख्यान राहिले बाजूला. त्यांनी सरपंचांना पूल बंद करायला सांगितले. लोक चिडले, कारण दूध घालायला तासाभराचा वळसा पडणार होता.

"बाई, आत्ताच रंग दिलाय की! आमच्या पोटावर का पाय देताय?" एक दूधवाले गरजले.

"दादा, गंज न काढताच वरनं रंग फासलाय. आत ओल कोंडलीय, लोखंड खाल्लं जातंय. तुमची पोरं ह्यावरनंच शाळेला जातात न्हवं?"

ते ऐकेनात. मॅडम दोन दिवस पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या. तिसऱ्या दिवशी सरपंचांनी बोलावलेले इंजिनिअर आले. त्यांनी पुलाला तोलून धरणाऱ्या एका सळईवर हातोडी मारली आणि सळई तुटून नदीत पडली. त्याच दूधवाल्यांनी दोर आणून वाट बंद केली. नंतर जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या सळया बसल्या. "जस्त आधी स्वतः झिजतं, म्हणून लोखंड वाचतं," हे मॅडमनी गावाला तिथेच समजावले.

परतताना एसटीत त्यांनी हळूच विचारले, "माझा अंदाज चुकला असता तर?" मग स्वतःच म्हणाल्या, "शिव्या खाल्ल्या असत्या. चाललं असतं."

माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा महिनाभर त्यांनी माझे तास घेतले, वर रोज भाकरीचा डबाही पोहोचवला. त्याचा उच्चार पुन्हा कधी केला नाही. ते दिवस आठवले की अजून गलबलून येते.

परवा सत्काराचे विचारायला गेले, तर म्हणाल्या, "हार नको. आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीचा जिना एकदा बघायचाय. गुडघे दुखतात, तू हात दे."

मॅडम, हात पुढेच आहे. आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि असे अनेक जिने आपल्यासोबत चढण्याचे भाग्य आम्हाला मिळो.