गिंडीचा पाय आणि दारातले बूट

चेन्नईला जायचं मीच ठरवलं. अपघातात माझ्या नवऱ्याचा, सुहासचा, डावा पाय गुडघ्याखालून गेला. आधी बसवलेला कृत्रिम पाय जड, त्यामुळे एक हात कायम काठीत अडकलेला. त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते. बाकी काही मागणं नव्हतं बिचाऱ्याचं.

पुण्याहून रेल्वे धरली. खालच्या बर्थचं आधीच बघा, ऐन वेळी कुणी विचारत नाही. चेन्नईत एग्मोर भागात मैत्रिणीच्या आत्या, सुधाअक्का, यांच्याकडे उतरलो. घर तंजावरकडचं, बोलणं मराठी आणि सूर तमिळ. "कापी पिऊनच जावा," असा त्यांचा हुकूम. कापी म्हणजे कॉफी.

गिंडीला लोकलने जा, रिक्षापेक्षा पुष्कळ स्वस्त. तिथल्या कृत्रिम पायांच्या छोट्या कारखान्यात मुरुगन नावाच्या तंत्रज्ञाने आम्हाला काळं कार्बनचं कापड दाखवलं. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की नुसतं कापड लुळं, नुसतं रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारी राळ, ठिसूळ. थरावर थर देऊन दोन्ही एकजीव केले की स्प्रिंगसारखा पाय होतो. कोळ्यांच्या फायबरच्या होड्या, बॅडमिंटनची रॅकेट, सगळी याच कुळातली. रोज वापरतो, पण कुळाची चौकशी करतंय कोण?

नवा पाय तयार झाला आणि सुहास तिथेच बूट घालून काठीशिवाय चालला. मी तर हवेतच.

संध्याकाळी अक्कांच्या दारात बूट काढले, आत दोन पावलं टाकली आणि तो मागे कलंडला. मी धरलं म्हणून वाचला.

"मागून कुणीतरी ओढतंय. काठी दे," तो म्हणाला.

मी काठी आणून दिली. अक्कांनी प्रेमाने केलेला सांबार-भात ताटात तसाच राहिला.

सकाळी पुन्हा गिंडी. मुरुगननी विचारलं, "घरात बूट घालता?"

"छे हो, दारातच काढतो."

त्यांनी कपाळावर हात मारला. "मीही दारातच काढतो, आणि तुम्हाला विचारलं नाही."

पाय बुटाच्या टाचेच्या उंचीला जुळवला होता. टाच गेली की माणूस मागे झुकणारच. त्यांनी स्क्रू फिरवून तो अनवाणी चालण्यासाठी जुळवला आणि बाहेर सपाट चप्पलच घालायला सांगितलं. तेव्हा मंडळी, चाचणी बूट काढूनही घ्या. कारखान्याच्या फरशीवर सुहास अनवाणी फिरला आणि मला रडूच फुटलं. सुटलो बाई एकदाचे.

घरी आल्यावर काठी छत्रीशेजारी खुंटीला गेली. काल सकाळी सुहास स्वयंपाकघरातून अनवाणी आला, एका हातात त्याचा चहा, दुसऱ्या हातात माझा. साखर घालायला विसरला होता. मी तसाच सगळा प्यायले.