भावजयीला मी गटातून काढलं

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे, आणि समुपदेशकाला तो शोभत नाही हे मला कोणी शिकवायला नको. यवतमाळला लोहाऱ्याच्या अलीकडे भाड्याच्या एका खोलीत मी दर शनिवारी बायकांचा गट घेते. विषय एकच: समोरच्याचा अपमान न करता, स्वतः न रडता, 'नाही' कसं म्हणायचं. आठ-दहा जणी येतात. कोणी ऑटोनं, कोणी एसटीनं, कोणी घरी काहीबाही सांगून.

त्यातल्या एकीचं प्रकरण निकडीचं होतं. नवऱ्यानं टाकलेली, मेसमध्ये पोळ्या लाटून दोन पोरी शिकवत होती. बापामागे कपाशीच्या वावरात तिचा तीन एकर हिस्सा होता, आणि तो सोडल्याच्या कागदावर, हक्कसोड पत्रावर, भावाला तिची सही हवी होती. आमच्याकडे बहिणी ती मुकाट देतातच. भाऊ साडीचोळी करतो, कचेरीबाहेर चहा पाजतो, झालं. हिला द्यायची नव्हती. पण भावासमोर तिचं तोंडच उघडायचं नाही.

आणि ही बाई गटात सोबत कोणाला आणायची? त्याच भावाच्या बायकोला!

मला पहिल्याच दिवशी खटकलं. भावजय मागच्या भिंतीला टेकून बसायची, मोबाइल मांडीवर पालथा. विचारलं तर म्हणे, "माह्यं काई नाही मॅडम, मी बाईसंग आली." बाई म्हणजे नणंद. आता सांगा, ज्या घराला ते तीन एकर मिळणार, त्या घरची सून नणंदेसोबत कशाला हिंडेल? ही टेहळणीला आली, असं माझ्या मनानं घेतलंच. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू असेल, इथपर्यंत माझी मजल गेली.

तिसऱ्या शनिवारी सराव घेतला. एकीनं भाऊ व्हायचं, हिनं नकार द्यायचा. भाऊ व्हायला कोणी उठेना, तर भावजय उठली. आणि काय सांगू बाप्पा! "बाई, तुले कमी केलं का आमी कधी? लोकं काय म्हणतीन? बाबा असते तं तू असं केलं असतं का?" आवाज, मान हलवणं, मध्येच डोळे पुसणं, सगळं हुबेहूब. नणंद पांढरीफटक पडली. मी मनात म्हटलं, सापडली! घरून पढवून पाठवलीय हिला.

गट सुटल्यावर मी तिला दाराशी गाठलं. नणंद शेजारीच चप्पल घालत होती. "पुढच्या वेळेपासून तुम्ही येऊ नका. तुम्ही असल्या की ह्या मोकळ्या होत नाहीत." ती "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरली. भांडली नाही, म्हणून माझा संशय आणखीच पक्का झाला. नणंदही काही बोलली नाही. मला वाटलं, सुटली बिचारी.

पुढचे दोन शनिवार ती एकटी आली, चांगलं बोलली. मी खूश. तिसऱ्या वेळी दारातच म्हणाली, "सही करून आली मॅडम."

माझा पाराच चढला. "अहो, इतका सराव केला ना आपण! काहून केली?"

तेव्हा तिनं सांगितलं. या गटाचा पत्ता भावजयीनंच काढला होता. आपला नवरा काय काय बोलणार ते ती रोज घरात ऐकत होती, तेच तिनं इथं करून दाखवलं, नणंदेला सवय व्हावी म्हणून. कचेरीत ती नणंदेच्या बाजूनं उभी राहणार होती. "तुमी काढलं अन् तिचा धीरच गेला. म्हणे, मॅडमलेच आपण चोर वाटतो, तं घरच्यायले काय वाटन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी वर तोंड करून मी विचारलंच, "मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं मला? शेजारीच तर उभ्या होत्या!"

"तेच तं," ती म्हणाली. "तुमाले नाही म्हणता आलं नाही मले, तं भावाले काय म्हणणार होती मी?"