पाय मांडीवर घेणाऱ्या अक्का

धुळ्याला शेवटची भेटले, तेव्हा अक्का खिडकीजवळच्या कॉटवर पडून होत्या. पाय सुजले होते. मी स्टूल ओढून बसले आणि पाय मांडीवर घ्यायला गेले, तर त्यांनी आखडून घेतले. "राहू दे गं..." उभा जन्म लोकांचे पाय मांडीवर घेतलेली बाई स्वतःचे द्यायला लाजत होती. मी हटूनच बसले. मग हळूहळू त्यांनी ते सैल सोडले. मी दाबले नाहीत, नुसते धरून बसले. तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्यांचं माहेर दोंडाईचा. फिजिओथेरपी शिकून त्यांनी सावद्याला दवाखाना थाटला आणि तेच शिक्षण संपवून मी जळगावहून त्यांच्या हाताखाली आले. केळीचे घड वाहून मान धरलेले मजूर, कापूस वेचून कंबर गेलेल्या बाया, अशी आमच्याकडची गर्दी. प्रत्येकाला खुर्चीत बसवून अक्का समोर बुटक्या स्टुलावर बसत, ओल्या फडक्याने तळवे पुसत, पाय मांडीवर घेत आणि अंगठ्याने टाचेपासून बोटांपर्यंत दाबत जात. तळवे दाबून उपचार करण्याचा, रिफ्लेक्सॉलॉजीचा, कोर्स त्यांनी मागाहून केला होता. शेक, व्यायाम हे सगळं पाय दाबून झाल्यावर. म्हातारी माणसं संकोचून जात. "अक्का, तुम्ही आमचे पाय धरता... मले पाप लागीन!"

"लागलं तर मला लागेल. कोठे दुखस ते बठ्ठं सांग, सगळं," अक्का आपल्या माहेरच्या बोलीत म्हणत.

माझी पुस्तकं तेव्हा ताजी होती. एका दुपारी न राहवून विचारलंच, "अक्का, तळवा दाबून मान सुटते, याला आधार काय?" त्या रागावल्या नाहीत. "मान व्यायामानेच सुटते गं. पण दुखण्याने माणूस इतका आवळलेला असतो, की मानेला हात लावू देत नाही. पाय धरले की सैल होतो, बोलायला लागतो." मला ते पुरतं पटलं नव्हतं.

मग सिंधूबाई आली. केळीच्या मळ्यात कामाला जाणारी, कंबरदुखीने नवऱ्याच्या खांद्यावर रेलून आलेली. अक्का तळवा दाबता दाबता थांबल्या. "आत्ता कुठे दाबलं मी?"

"दाबलं? तुम्ही तं हातच नाही लावला अजून."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याला बाहेर पाठवून हलक्या आवाजात त्यांनी लघवीचं विचारलं. दोन दिवसांपासून लघवी झालेली तिला कळतच नव्हती... लाजेने कोणाला बोलली नव्हती. नवरा परत आत आला आणि म्हणाला, "आज पाय दाबून द्या, आठ दिवसांनी पाहू." अक्का उठल्याच. "इथे माझा हात चालायचा नाही. मणक्यातली नस दबलीय. आत्ताच्या आत्ता जळगाव." आणि ते दोघं ज्या गाडीने आले होते, तिच्यातच बसून त्यांच्याबरोबर गेल्या. ऑपरेशन संध्याकाळीच झालं.

मागे गर्दी तशीच होती. खुर्चीतल्या आजोबांनी सवयीने पाय पुढे केले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा बुटक्या स्टुलावर बसले.

काही महिन्यांनी सिंधूबाई आपल्या पायांनी आली, जराशी लंगडत. नमस्काराला वाकली, तर अक्कांनी तिला दंडाला धरून उभं केलं. "आधी चालून दाखव." ती भिंतीपर्यंत जाऊन परत आली, आणि अक्का पदराने डोळे पुसत राहिल्या.

पुढे अक्कांचेच अंगठे दुखायला लागले, तेव्हा दवाखाना माझ्या हाती देऊन त्या धुळ्याला लेकीकडे, मीनलकडे, राहायला गेल्या. अवघड पेशंट आला की मी त्यांना फोन करायची, आणि त्या दहा प्रश्न विचारायच्या.

गेल्या आठवड्यात पाचोऱ्याहून एक शिक्षक आले. खांदा वर होत नव्हता. त्यांना शेक लावून मी बाहेर आले आणि कळायच्या आत अक्कांचा नंबर लावला. रिंग गेली, तेव्हा भानावर आले. ठेवणार, तोच मीनलने उचलला.

"मावशी, हा नंबर मी चालूच ठेवलाय. तुझा फोन येईल, वाटलं होतं." मग म्हणाली, "कोण आलंय आज?"

मीनल बँकेत आहे, तिला यातलं काही कळत नाही. तरी मी सांगत राहिले... आणि ती ऐकत राहिली.