आपोआप बंद पडला

कळंबहून लॅपटॉप घेऊन धाराशिवला गेलो, तेव्हा वॉरंटीचे आठच दिवस उरले होते आणि माझ्या वर्गाचे सगळे गुण त्यात अडकले होते. दुरुस्तीवाल्याला मी मास्तरी आवाजात ठणकावून सांगितलं, "आपोआप बंद पडला."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला, लॅपटॉप उघडून नाकाशी नेला आणि डोळे मिटून हुंगला.

"सर, चहात आलं लई घालता व्हय?"

पेपर तपासताना कप लवंडल्याचं मी मुकाट्यानं कबूल केलं. सांडलेला चहा काही वॉरंटीत बसत नव्हता. पण गुण त्यानं शाबूत काढून पेन ड्राइव्हवर दिले.

"पोरं बी तुमाला असंच सांगत असतील, न्हाय?" तो हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी 'वही घरी राहिली' म्हणणाऱ्या एकालाही मी उभं केलं नाही.