हाडवैराचा अर्ज

“सावडायला जाणार का?”

भाऊबंदावर अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसाला अप्पा पहिल्यांदा हेच विचारायचे. समोरचा चमकायचाच. सावडणं म्हणजे तिसऱ्या दिवशी भावकीनं चितेच्या राखेतली हाडं वेचणं. तहसीलच्या दारात, सकाळच्या पारी, असलं अभद्र कोण विचारतं?

वडवणीला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. अप्पा माझ्याच पायरीवर मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन बसत. बांध, वाट, गुरं, तक्रार कसलीही असो, लोक त्यांच्याकडेच येत. अर्ज लिहिणारे तुम्हीही पाहिले असतील. पण गिऱ्हाइकानं सांगितलेला शब्द खुशाल नाकारणारा मी हा एकच पाहिला.

एकदा दिंद्रुडकडचा एक मेंढपाळ चुलतभावाची तक्रार घेऊन आला.

“लिवा, आमचं हाडवैर हाय.”

“मेल्यावर त्याला सावडायला जाशील?”

“जाईन की! खरंच मेला का, ते बघायला जाईन!”

“जाशील न्हवं? मग हाडवैर न्हाई. साधं भांडण लिवतो.”

मेंढपाळ हिरमुसला. एवढ्या लांबून येऊन साधं भांडण पदरात पडलं!

अप्पांचे वडीलही अर्जच लिहीत, निजामाच्या काळात, उर्दूत. त्यामुळे शब्दांची कुळी अप्पांना पाठ. “अदावत, दावा हे वैराचे कचेरीतून आलेले शब्द. ते कागदावर मिटत्यात. हाडवैर आपल्या घरातलं. हाडं येचायला सख्खी भावकी आली न्हाई, की त्याला हाडवैर म्हनायचं. तवर न्हाई.”

मला शंका आली म्हणून मी शब्दकोश उघडला. त्यात हाडापर्यंत मुरलेलं वैर, एवढंच. राखेचा पत्ता नाही. अप्पांना सांगितलं, तर म्हणाले, “कोश लिवणारा कधी सावडायला गेला नसंल.”

माझं आणि थोरल्या भावाचं, दादाचं, चार वर्षं बोलणं बंद होतं. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळीवरून वाजलं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यालाही तो आला नाही. त्याच आठवड्यात मी दुकान बंद करून गिऱ्हाइकासारखा अप्पांसमोर जाऊन बसलो.

“दादावर अर्ज करायचाय. लिवा, हाडवैर हाय.”

अप्पांनी चष्मा काढला. “सावडायला जाशील?”

“न्हाई.”

इतक्या वर्षांत ‘न्हाई’ म्हणणारा मी पहिलाच असेन. अप्पांनी पेटीचं झाकण लावलं. “मग हे माझ्यानं लिवनं व्हायचं न्हाई. अन् तूच आधी गेलास तर? तुझी हाडं येचताना दादा नसला, तर चालंल तुला?”

मला राग आला. तोंडातून नको ते गेलं. “तुमच्यात पुरत्यात अप्पा. सावडनं तुमाला काय ठावं?”

अप्पा लिंगायत. वाटलं, आता उठून जातील. पण ते शांतपणे म्हणाले, “म्हनून तर इचारतो. आमच्यात तिसरा दिवस न्हाई रे. रुसून बसलेला मानूस मातीला आला न्हाई, तर मागनं यायला जागाच ऱ्हात न्हाई. तुमाला एक दिवस जास्तीचा हाय.”

मी तसाच गाडी काढून विहिरीवर गेलो. दादा मोटर चालू करत होता.

“काहून आलास?” त्यानं वर न बघताच विचारलं.

मला दुसरं काही सुचेना. “दादा, मी मेलो तर सावडायला येशील न्हवं?”

दादानं मान वर केली. “येड लागलं का बे? आधी मर तर!” म्हणाला आणि हसायला लागला. चार वर्षांनी तो माझ्यासमोर हसत होता. पाळी आम्ही अजूनही भांडूनच ठरवतो, पण लग्नात मुलीच्या मागं मामाच्या बरोबरीनं तो उभा होता. ते अप्पांचे उपकार. हे मी त्यांना नीट कधी म्हटलं नाही, याची चुटपुट आहे.

गेल्या साली अप्पा गेले. मातीला दादाही माझ्याबरोबर आला. बेल, भस्म वाहून झालं, एकेक जण मूठमाती टाकून मागं सरकू लागला. माझी मूठ काही सुटेना. मी रडतोय हे दादानं पाहिलं आणि हळूच विचारलं, “एवढं काय केलतं रं त्यांनी तुझं?”

“माझा एक अर्ज लिवला न्हाई.”

दादाला काही उमगलं नाही. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला पुढं नेलं.